सहा सुताचा पाना

नवऱ्याची हत्यारांची पेटी नातीला द्यायची, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. ठरवलं त्यांनीच. नात आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या कोर्सला लागली, त्या दिवशी पेटीवर थाप मारून म्हणाले, “ही आता हिची.”

माझी मुलगी, म्हणजे नातीची आई, म्हणाली, “अप्पा, आधी तिला पास तर होऊ द्या.”

“पास व्हायला काय धाड भरलीय? माझं रक्त आहे.”

“तुमचं रक्त सातवीत दोनदा बसलंय,” मी म्हणाले.

सगळे हसले. तेही हसले. तेव्हा त्यांना बोलता येत होतं.

पेटी लोखंडी होती. कधीकाळी हिरवी असावी, आता तिला रंग असा नव्हता. शेडमधलं काम सुटल्यापासून ती त्यांच्या खाटेखाली असायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. एकदा मी फरशी पुसताना ती भिंतीकडे सरकवली, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नात लाडकी, पण तिलाही उघडू दिली नाही. “कामाला लागलीस की किल्ली तुझी. तोवर बाहेरूनच बघ.” ती बाहेरूनच बघायची. वर्गातल्या पोरांना सांगायची, माझ्याकडे माझ्या तात्ताची पेटी आहे. तात्ता म्हणजे तमिळमध्ये आजोबा. वर्गात ती एकटी मुलगी होती. पोरं तिला चिडवायची, तेव्हा ही पेटी तिच्या कामी यायची.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातले. आमच्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामात, देशभर पांगलेली. माझे थोरले दीर त्याच धंद्यात चेन्नईला आले आणि त्यांनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं. हे त्याआधी कराडला एका वर्कशॉपमध्ये लॉरीचं काम शिकले होते. गलाईच्या ॲसिडच्या धुरात ते काही टिकले नाहीत. महिनाभर खोकले आणि जॉर्ज टाउनात बंदराच्या बाजूला लॉऱ्यांची एक शेड होती, तिथं जाऊन उभे राहिले. शरीर चालेनासं होईपर्यंत तिथंच राहिले. पेटी कराडहून आणलेली. त्यातला एकेक पाना त्यांनी शिकाऊ असताना पोटाला चिमटा घेऊन घेतलेला होता.

शेडमध्ये सगळं तमिळ. घरी माझ्याशी मराठी. पण कामाचं बोलणं त्यांनी घरी कधी आणलं नाही. आले की रॉकेलनं हात धुवायचे, मग साबणानं धुवायचे, जेवायचे.

“काय केलं आज?”

“लॉरी केली.”

संपलं. मी मेकॅनिकची बायको असून इंजिन उघडलेलं कधी पाहिलं नाही. पाना म्हणजे पाना, एवढंच मला माहीत. त्यात इंच, मिलिमीटर, काय असतं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझं शिक्षण चौथी. हिशेबापुरतं आणि वाचण्यापुरतं.

नातीचं शेवटचं वर्ष चालू असताना त्यांना झटका आला. सकाळी चहा पीत बसले होते. कप सुटला आणि तोंड एका बाजूला गेलं. सरकारी दवाखान्यात नेलं. जीव राहिला. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटायला लागला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलणं थोडं परत येईल, घाई करू नका. मी कशाला घाई करू? मला त्यांच्या बोलण्याची काय एवढी हौस होती? पण घर गप्प झालं की भांड्यांचा आवाज फार होतो, हे खरं.

परत आलं ते बोलणं वेगळंच होतं. तमिळ आलंच नाही. शेडमधले सोबती भेटायला यायचे, खाटेजवळ बसून बडबड करायचे आणि हे नुसते बघत राहायचे. तोंडातून यायचं ते मराठी, आणि तेही गावाकडचं, चेन्नई बघायच्या आधीचं. भाताचं ताट पुढं ठेवलं की म्हणायचे, “भाकर.” सांबार ढकलून म्हणायचे, “कालवण.” एकेक शब्द, तोही ओढून काढलेला. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, आधी शिकलेलं खोल असतं, कधीकधी तेवढंच राहतं.

म्हणजे आमचा इथला सगळा संसार धुऊन गेला आणि कराड राहिलं.

सोबती मला विचारायचे, “अम्मा, काय म्हणतात?” मी सांगायचे. ज्या माणसाकडून मी तमिळ शिकले, त्याचं बोलणं मी तमिळमध्ये सांगत बसायचे.

नात आमच्याकडेच राहायची. तिची आई अड्यारला एका संस्थेत साफसफाईच्या कामावर आहे, जावई बसवर ड्रायव्हर. आयटीआय आमच्या बाजूला, म्हणून पोरगी आमच्याकडे. तिचं सगळं तमिळ. मराठी कळतं, बोलताना सगळ्याची वाट लावते.

“आज्जी, तात्ता उठून बसली.”

“बसली नाही, बसले. बाई झाले का ते?”

“तेच. बसले. आणि पाणी मागतो.”

“मागतात.”

“आज्जी, तू मला शाळेत नको घालू. पाणी दे.”

तर त्या पोरीची परीक्षा झाली. पास झाली, आणि तिला कामही मिळालं. मोठ्या इमारतींत, ऑफिसांत वीज गेली की डिझेलचे जनरेटर चालतात. ते दुरुस्त करणारी कंपनी. एक तारखेपासून या म्हणाले, आणि येताना स्वतःची हत्यारं आणा म्हणाले, आमच्याकडे प्रत्येकाची आपापली पेटी असते. ती आनंदानं धावत घरी आली आणि खाटेवर त्यांच्या पायाशी बसली. अर्धं मराठी, अर्धं तमिळ, सगळं सांगितलं. त्यांना किती कळलं देव जाणे. पण त्यांनी डावा हात खाली सोडला आणि खाटेखालच्या पेटीवर बोटं वाजवली.

मग म्हणाले, “सूत.”

मला वाटलं, सदऱ्याचं बटण तुटलं. बघितलं तर बटणं होती. “सूत,” पुन्हा म्हणाले. “सहा सूत. चार सूत.” मी शिवणाच्या डब्यातून दोऱ्याचं रीळ आणून हातात दिलं. त्यांनी ते भिरकावलं. ते गॅसच्या शेगडीखाली गेलं.

“अहो, सूत कशाला? वडाला गुंडाळायचंय का? सात जन्म मागताय की काय?” मी म्हणाले. “मी तर ते कधीच सोडलंय.”

“सूत!” लाळ गळायला लागली. चेहरा लाल झाला. डाव्या हाताची बोटं ते एकमेकांजवळ आणत होते, लांब नेत होते. मला वाटलं, डोक्यातली आणखी एखादी शीर गेली.

नातीला काहीच कळेना. “आज्जी, सूत काय?”

“सूत म्हणजे दोरा गं. तुमचं ते नूल.”

दोऱ्याला तमिळमध्ये नूल म्हणतात. मी आपलं शब्दाला शब्द सांगितला. पोरगी तिथंच थांबली.

“नूल-आ?”

“हो. शिवायचं.”

“शिवायचं नाही, आज्जी!” ती हसायलाच लागली. मग मला समजावलं. सुतार, गवंडी, जुने मिस्त्री इंचाचे आठ भाग करतात, त्या एका भागाला तमिळमध्ये नूल म्हणतात. सहा नूल म्हणजे पाऊण इंच. चार नूल म्हणजे अर्धा. मराठी वर्कशॉपात त्यालाच सूत म्हणत असणार. “तात्ता पाने सांगतात. कोणकोणते घ्यायचे ते सांगतात!”

नूल हा शब्द ऐकला आणि ते शांत झाले. “हं,” म्हणाले. “हं. हं.”

मी चुकीचा अर्थ सांगितला आणि त्यातून बरोबर अर्थ निघाला. यात माझी हुशारी काही नाही. त्यांच्यासोबत एवढी वर्षं काढली आणि त्यांच्या धंद्यातला पहिला शब्द मला त्या दिवशी कळला.

किल्ली त्यांच्या करदोट्याला होती. मी सोडवून नातीच्या हातात दिली. पेटी उघडली. आत एकेक हत्यार तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं होतं, बाळंतिणीच्या खोलीतल्या कपड्यांसारख्या घड्या. रिंग पाने, फिक्स पाने, पक्कड, छिन्नी, हातोडी. गंजाचा ठिपका नव्हता. ते एकेक सूत सांगायचे आणि ती शोधून हातात द्यायची. चुकली की “अंहं”, बरोबर आला की “हं”. इतक्या महिन्यांत ते असे बसलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी भाकरी मागून घेतली आणि पूर्ण खाल्ली.

नात मात्र दोन-चार पान्यांनंतर गप्प झाली होती. पाना हातात घ्यायची, त्यावरचा आकडा वाचायची, खाली ठेवायची. पेटी बंद करून ती माझ्यामागं ओट्याजवळ आली.

“आज्जी, सगळे इंचाचे आहेत.”

“मग?”

“मला मिलिमीटर पायजे. आता सगळी इंजिनं मिलिमीटरची.”

“थोडा फार फरक असेल. बसवायचा.”

“तोच तर प्रॉब्लेम. थोडा फरक.” तिनं मला सांगितलं ते असं. चौदाच्या नटला साडेचार सुताचा पाना लागतो, पण सैल लागतो. जोर दिला की नटची टोकं झिजतात, नट गोल होतो. मग तो कुठल्याच पान्यानं निघत नाही, छिन्नीनं तोडावा लागतो. दुसऱ्याच्या मशीनवर पहिल्याच दिवशी असा एक नट गोल केला, तर संपलं. “तिथं पण मी एकटीच मुलगी आहे, आज्जी. ते बघायलाच बसलेत.”

“पण यांनी तर शेवटपर्यंत काम केलं. यांना हे माहीत नव्हतं?”

“सगळं माहीत होतं. शेडमध्ये मिलिमीटरचे पाने मालकाचे होते. हे त्यांचे स्वतःचे, जुन्या लॉऱ्यांचे. त्यांनीच मला एकदा सांगितलंय.” मग हळू आवाजात म्हणाली, “तमिळ गेलं ना, त्याच्यासोबत ते पण गेलं बहुतेक.”

त्यानंतर रोज दुपारी तेच. जेवण झालं की ते पेटीवर बोटं वाजवायचे. ती बसायची. सहा सूत, चार सूत, साडेचार. पाना कसा धरायचा, ढकलायचा नाही, आपल्याकडे ओढायचा, हे ते डाव्या हातानं दाखवायचे. ती मन लावून बघायची, “आं, तात्ता, समजलं” म्हणायची. नंतर संडासात जाऊन रडायची. मला नळाचा आवाज यायचा. एवढा वेळ कुणी नळ सोडत नाही.

एक तारीख जवळ आली. त्यांनी मला खुणेनं सांगून पेटीच्या बिजागरीला तेल घालून घेतलं. पेटी बसनं कशी न्यायची, याचीही त्यांनी काहीतरी योजना केली होती. खांद्यावर पट्टा घेतल्यासारखं करून दाखवायचे.

“आता सांग त्यांना,” मी नातीला म्हणाले.

“मी नाही. मला नाही येत.”

“मग मी सांगते.”

“नको. तू दगडासारखं बोलते.”

“दगड खोटं तरी बोलत नाही.”

“आज्जी, प्लीज.” तिचं म्हणणं, त्यांना दुकानात घेऊन जाऊ. नवे पाने डोळ्यांपुढं आले, हातात आले, की त्यांना आपोआप आठवेल. आपल्याला सांगावंच लागणार नाही. तिनं मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला होता, त्यात एक म्हातारी वाजवायची पेटी बघून सगळी गाणी म्हणायला लागते. मला हे पटलं नाही. पण मला तरी दुसरं काय सुचत होतं? मी त्यांना धुतलेला शर्ट घातला.

रिक्षा जॉर्ज टाउनात शिरली तसे ते ताठ बसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच ते इकडं येत होते. एका गल्लीत नुसती हत्यारांची दुकानं आहेत. दारांवर साखळ्या टांगलेल्या, कप्प्या, दोरखंड, हातगाड्यांनी रस्ता अडलेला. त्यांची शेड तिथून पुढच्या वळणावर. त्यांनी त्या बाजूला मान वळवली. आम्ही रिक्षा अलीकडेच थांबवली.

दुकानदार बरा माणूस होता. “या अय्या, या,” म्हणून त्यानं प्लास्टिकची खुर्ची फुटपाथवर टाकली. नातीनं काय हवं ते सांगितलं. त्यानं रिंग पान्यांचा सेट काढून त्यांच्या मांडीवर ठेवला, कारण त्याला वाटलं घेणारे तेच.

त्यांनी डाव्या हातानं एक पाना टोकाला धरून लोंबता सोडला आणि नातीला दुसरा त्यावर वाजवायला लावला. आवाज खणखणीत येतो का, कान दिला. ठेवला. पुढचा. दोन पाने त्यांनी बाजूला काढले.

“अय्या, माझ्या मालाला दृष्ट लावू नका,” दुकानदार हसत म्हणाला. “ते दोन बदलून देतो, झालं?”

नात माझ्याकडे बघत होती. बघ, आठवतंय, असं तिचे डोळे म्हणत होते. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मग त्यांनी एक पाना डोळ्यांजवळ नेला आणि आकडा वाचला. चौदा. दुसरा घेतला. सतरा. त्यांनी तो उलटा करून पाहिला.

“सूत?” त्यांनी नातीला विचारलं.

मग त्यांनी दुकानदाराकडे पाहिलं. “सूत.”

“अम्मा, काय म्हणतात?”

“नूल,” मी म्हणाले. “इंचाचे दाखवा म्हणतात.”

“इंचाचे?” दुकानदाराला गंमत वाटली. “आता ते कोण घेतं, अम्मा? मी तर ठेवतच नाही. पलीकडे जुन्या लोखंडवाल्याकडे बघा, किलोवर मिळतील.”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आणि तो तमिळमध्ये बोलला होता. पण त्यांचा हात मांडीवर तसाच राहिला, आणि मला तेव्हा कळलं की तमिळ त्यांना बोलता येत नसलं तरी समजत सगळं होतं. पहिल्यापासून समजत असणार. सोबती खाटेजवळ बसून काय काय बोलून गेले होते, तेही.

ते माझ्याकडे वळले. नातीकडे नाही, माझ्याकडे.

“सगळे?”

आपले सगळे का, असं विचारत होते. नात पुढं झाली. “नाही तात्ता, काही काही चालतात, मी बघते...”

“सगळे,” मी म्हणाले.

माझी मुलगी नंतर म्हणाली, आई, तू एवढं तरी खोटं बोलायचंस. मला ते पटत नाही. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं इंजिन ‘चालेल’ म्हणून सोडलं नाही, त्याला ‘चालेल’ म्हणायचं? त्यांनी मला विचारलं, कारण मी सांगेन हे त्यांना माहीत होतं.

ते बसून राहिले. हातगाडीवाला खुर्ची सरकवा म्हणून ओरडत होता. दुकानदारानं खुर्ची धरून थोडी आत घेतली, ते तसेच बसून आत आले. नातीनं टांगलेल्या साखळ्यांकडे तोंड केलं होतं. मग ओढणीनं डोळे पुसले आणि एकदम वळली. सेटमधला एक पाना तिनं उचलून दुकानदाराच्या हातात दिला.

“हा नको. हा सोडून बाकीचे द्या.”

“सेटमधला एक कसा काढू, पोरी? एकोणीसचा पाहिजेच तुला.”

“माझ्याकडे आहे.” ती त्यांच्या पायाशी उकिडवी बसली. “तात्ता, सहा सूत आणि एकोणीस एकच. फरक नाहीच. तुमचा सहा सुताचा पाना मी घेते. नव्या पेटीत ठेवते. रोज लागतो एकोणीस. रोज तुमचाच पाना वापरेन.”

“बसतो, बसतो,” दुकानदारानंही मान डोलावली. “पाऊण इंच एकोणीसला बरोबर बसतो.”

मला बरं वाटलं. पेटी नाही तर पेटीतलं एक तरी जाईल. पोरीचं तोंड उजळलं होतं.

त्यांनी डावा हात लांब केला. दुकानदारानं एकोणीसचा पाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सेटच्या रिकाम्या खाचेत परत ठेवला आणि अंगठ्यानं दाबून बसवला.

“नको.”

“तात्ता, बसतो तो!”

“बसतो,” ते म्हणाले. श्वास घेतला. “नको. मिसळू नको.”

“एकच आहे. एकच, तात्ता.”

“एक... नको.” मग दोन बोटं वर केली आणि जेवढी फाकवता येतील तेवढी फाकवली. “पेटी... दोन.”

शेडमध्ये दोन पेट्या असायच्या, हे तिनं मला नंतर सांगितलं. इंचाची वेगळी, मिलिमीटरची वेगळी. एकीतला पाना दुसरीत गेलेला दिसला की हे माणसाला दिवसभर बोलायचे. काम करताना मेकॅनिक पेटीकडे बघत नाही, नुसता हात घालतो. एक इंचाचा पाना पेटीत राहू दिला की त्याच्यामागं दुसरा येतो, आणि मग हात कधीतरी चुकतो. म्हणजे मिलिमीटर त्यांना आठवलं होतं. व्हिडिओत दाखवलं होतं तसंच झालं म्हणायचं.

पोरगी हट्टाला पेटली. लहानपणी करायची तसा पाय आपटला, भर बाजारात. “मला पायजे तो! तुम्हीच दिला मला!” त्यांनी मान वळवली आणि रस्त्याकडे बघत बसले. दुकानदारानं पूर्ण सेट बांधला.

झटका आल्यापासून त्यांनी एका वेळी बोललेलं ते सगळ्यांत जास्त. 

एक तारखेला ती नवी लाल पेटी घेऊन निघाली. पाया पडली. त्यांनी डाव्या हातानं पेटीची कडी धरून ती जमिनीपासून चार बोटं उचलली, वजन बघितलं, खाली ठेवली. ती गेली आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुपारचे धडे बंद झाले. सूत हा शब्द मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकला नाही. किल्ली मी करदोट्याला बांधायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. नात कामावरून आली की खाटेवर बसून सांगायची, आज कुठल्या ऑफिसात गेलो, कुठल्या जनरेटरचा पंप उतरवला, कोण काय म्हणालं. ते डोळे मिटून ऐकायचे. ऐकायचे असं ती म्हणते. मला झोपलेले वाटायचे. भाकरी मागणं थांबलं. मी भात कालवून भरवायचे, तो गिळायचे.

दुसरा झटका आला तेव्हा दवाखान्यात नेईपर्यंत राहिले नाहीत. मुलगी म्हणते, अप्पांनी त्या दुकानातच सोडून दिलं होतं. मी म्हणते, रक्तदाबानं गेले. तिचं खरं असेल, माझं असेल. तपासून बघायला कुणी नाही.

तेरावं झालं. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नात कामाचे कपडे घालून माझ्यासमोर उभी राहिली.

“आज्जी, आता दे मला तो सहा सुताचा.”

“नाही.”

“आता ते बघायला आहेत का?”

“नाहीत, म्हणूनच नाही. असते तर तू भांडून घेतला असतास. माझ्याशी भांडून काय उपयोग? मला त्यातलं काही कळत नाही. नको म्हणाले, एवढंच मला कळतं.”

“तो पाना बसतो, आज्जी! दुकानदार पण म्हणाला.”

“ते पण म्हणाले बसतो. आणि नको म्हणाले.”

“मी पेटीत नाही ठेवणार. पर्समध्ये ठेवते. नुसता ठेवते.”

“नुसता ठेवून काय करशील? पाना आहे तो, फोटो नाही.”

ती रडायला लागली. मी रडले नाही. माझं रडणं दवाखान्यात होऊन गेलं होतं, आणि तेही कुणी बघितलेलं नव्हतं. ती म्हणाली, मग तू काय करणार आहेस त्या पेटीचं, तुला धरता तरी येतो का पाना. मी म्हणाले, नाही येत. जुन्या लोखंडवाल्याला मी ती देणार नाही. हिलाही देणार नाही. तिसरं काय, ते मला सुचलेलं नाही, आणि सुचेल असं वाटत नाही.

“तू दगड आहेस,” ती तमिळमध्ये म्हणाली. तमिळमध्ये ते जास्त लागतं.

मी ओट्यावरून डबा उचलून तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला नाही. चपला घातल्या, लाल पेटी उचलली, जिन्यापर्यंत गेली. मग परत आली, माझ्याकडे न बघता डबा घेतला आणि गेली.